बीएमडब्ल्यूची पहिली मोटार नेमकी कुणाची?

निळ्या-पांढऱ्या चकतीची गाडी रस्त्यावर दिसली की बरोबरच्यांपैकी कुणीतरी सांगतंच, "तो विमानाचा फिरता पंखा आहे बरं का." पंख्याकडे मी नंतर येतो. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. विमानांची इंजिनं बनवणारी ही कंपनी मोटारींकडे वळली, तेव्हा तिने पहिली मोटार कोणती विकली?

उत्तर ऐकून अनेकजण चक्रावतात. बीएमडब्ल्यूच्या नावाने विकली गेलेली पहिली मोटार मुळात इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीची होती. ती जर्मनीत बनवायचा करारही बीएमडब्ल्यूने केलेला नव्हता, तो डिक्सी नावाच्या तिसऱ्याच गाडीवाल्यांचा होता. आणि ती बनत होती म्युनिकपासून दूर, थुरिंजिया प्रांतातल्या आयझेनाख या छोट्या शहरात.

आपल्याकडे एखाद्या कंपनीने परदेशी कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केल्याची बातमी आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, देशाने मजल मारली. दुसरा म्हणतो, ही तर उसनवारी. त्या वादात पडण्याआधी डिक्सीची गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ती मुळापासून सांगतो.

आधी आयझेनाखला जाऊ

आयझेनाखच्या डोक्यावर डोंगरात वार्टबुर्ग नावाचा किल्ला आहे. मार्टिन ल्यूथरने १५२१-२२ मध्ये तिथे लपून राहून बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं. संगीतकार बाखचा जन्म याच गावातला, १६८५ सालचा. अशा गावात ३ डिसेंबर १८९६ रोजी हाइनरिश एरहार्ट या उद्योजकाने वाहनांचा कारखाना काढला. एरहार्ट धातूकामातला आणि तोफांच्या धंद्यातला मोठा माणूस. आज राइनमेटाल म्हणून ओळखली जाणारी शस्त्रास्त्र कंपनीही त्यानेच १८८९ मध्ये सुरू केली होती. आयझेनाखच्या कारखान्यात आधी सायकली आणि लष्करासाठी गाडे बनत.

मोटारीचं वारं आलं तेव्हा एरहार्टकडे पैसा होता, कामगार होते, पण मोटार कशी करायची ते ठाऊक नव्हतं. म्हणून १८९८ मध्ये त्याने फ्रान्सच्या डेकोव्हिल कंपनीची छोटी गाडी बनवायचा परवाना घेतला. डेकोव्हिल ही मूळची अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वे बनवणारी कंपनी. आयझेनाखमध्ये बनलेल्या या गाडीला किल्ल्याचं नाव दिलं, वार्टबुर्ग. जर्मनीतल्या अगदी पहिल्या मोटारींमध्ये तिची गणना होते, आणि तीही परवान्यावर बनलेली होती.

१९०३ मध्ये एरहार्ट बाहेर पडला आणि फ्रेंच परवानाही गेला. आता स्वतःची गाडी काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९०४ पासून कारखान्याच्या स्वतःच्या गाड्या 'डिक्सी' नावाने येऊ लागल्या. हा लॅटिन शब्द आहे, अर्थ 'मी बोललो'. भाषण संपवताना वक्ता म्हणायचा: माझं सांगून झालं, आता यावर बोलणं नाही. मोटारीसाठी याहून ठाम नाव मला तरी माहीत नाही.

परवाना म्हणजे नेमकं काय?

इथे 'परवाना' म्हणजे गाडी चालवायचं लायसन नव्हे. एका कंपनीने बेतलेली वस्तू दुसऱ्या कंपनीने रीतसर परवानगी घेऊन बनवायची आणि त्याबद्दल पैसे मोजायचे, हा तो करार. त्यात नकाशे मिळतात, मापं मिळतात, बरेचदा सुरुवातीचे सुटे भागही मिळतात.

कोकणातल्या माणसाला हे एका शब्दात कळेल: कलम. हापूसच्या बाठीतून तसाच हापूस येईल याचा भरवसा नसतो. म्हणून गावठी कोयीचं रोप घ्यायचं, त्याला खुंट म्हणायचं, आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. मुळं इथल्या मातीतली, पाणी ओढण्याची ताकद त्यांची, आणि फळ मात्र त्या काडीच्या जातीचं. परवान्याच्या मोटारीत खुंट म्हणजे कारखाना, त्यातले कामगार, यंत्रं, विक्रेते. काडी म्हणजे बाहेरून आलेलं डिझाइन. खुंट कमजोर असेल तर जातिवंत काडीही वाळून जाते, हे कलमं बांधणारा कुणीही सांगेल.

डिक्सीला इंग्लंडची काडी का लागली?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची दशा वाईट होती. १९२१ मध्ये हा कारखाना गोथा शहरातल्या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाला. १९२३ मध्ये चलन इतकं कोसळलं की बचतीच्या रकमा मातीमोल झाल्या. डिक्सीच्या गाड्या मजबूत होत्या, पण मोठ्या आणि महाग. मध्यमवर्गाच्या हातात जेमतेम मोटारसायकलीपुरते पैसे. तेवढ्यात ओपेल कंपनीने १९२४ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जोडलेली स्वस्त छोटी गाडी बाजारात आणली. हिरव्या रंगामुळे लोक तिला 'झाडावरचा बेडूक' म्हणत. डिक्सीला छोटी गाडी हवी होती आणि तीही लगेच. नव्याने आखायला वर्षं गेली असती.

इंग्लंडमध्ये अशी गाडी तयार होती: १९२२ साली आलेली ऑस्टिन सेव्हन. हर्बर्ट ऑस्टिन यांनी ती कंपनीच्या कचेरीत आखली नाही. संचालक मंडळाला ती कल्पना पसंत नव्हती, म्हणून त्यांनी स्टॅन्ली एज या १८ वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून ती घरी, बिलियर्डच्या खोलीत बसून आखली. गाडी अगदी लहान, पण खेळणं नव्हे. चार सिलिंडरांचं खरंखुरं इंजिन आणि चारही चाकांना ब्रेक, जे त्या काळी कैक मोठ्या गाड्यांनाही नव्हते. साइडकारमध्ये बायकोमुलांना कोंबून पावसात भिजत जाणारा मोटारसायकलवाला, हेच तिचं गिऱ्हाईक.

१९२७ मध्ये डिक्सीने ऑस्टिनशी करार केला. सुरुवातीच्या गाड्या इंग्लंडहूनच आल्या. मग आयझेनाखमध्ये उत्पादन सुरू झालं, सुकाणू डावीकडे आलं, आणि गाडीचं नाव पडलं डिक्सी ३/१५. तिच्या पहिल्या रूपाला 'डीए १' म्हणत. 'डीए' म्हणजे जर्मन आवृत्ती.

३/१५ हे काय गणित आहे?

जुन्या जर्मन गाड्यांची नावं वाचताना ही मेख सगळ्यांना अडवते. यातला १५ सरळ आहे: इंजिनाची खरी ताकद, १५ अश्वशक्ती. आजच्या चांगल्या मोटारसायकलीलाही याहून जास्त असते. गाडी ताशी पाऊणशे किलोमीटरपर्यंत जायची.

३ हा आकडा मात्र ताकदीचा नाही, कराचा आहे. याला कर-अश्वशक्ती म्हणू. इंजिन प्रत्यक्ष किती ओढतं हे सरकारी कारकुनाला मोजता येत नाही, पण सिलिंडरची मापं टेपने घेता येतात. म्हणून १९०६ पासून जर्मनीने एक सूत्र लावलं. साधारण २६२ सीसीला एक कर-अश्वशक्ती असा त्याचा हिशेब पडतो. आपल्या गाडीचं इंजिन ७४८ सीसीचं, म्हणजे २.९ च्या आत-बाहेर, ते झालं ३. घरपट्टी घरात किती माणसं राहतात यावर न लावता चौरस फुटांवर लावतात, तसंच हे.

इंग्लंडमध्येही असाच कर होता, पण तिथल्या सूत्रात फक्त सिलिंडरची रुंदी धरत, पिस्टन किती वर-खाली जातो ते धरतच नसत. त्यामुळे तेच इंजिन तिथे सात-आठ कर-अश्वशक्तीचं ठरे. 'सेव्हन' हे नाव त्या सातातून आलेलं. एकच यंत्र, खाडीपलीकडे सात आणि अलीकडे तीन. करामुळे गाडीचा आकार कसा ठरतो याचं मला हे सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. इंग्लंडमध्ये रुंदीवर कर म्हणून कारखानदारांनी अनेक वर्षं अरुंद आणि लांब फेरीची इंजिनं केली. १९२८ मध्ये जर्मनीने नियम बदलून थेट सीसीवर कर लावला, पण लोकांच्या तोंडी बसलेली ती दुहेरी नावं काही वर्षं टिकली.

मग बीएमडब्ल्यू यात आली कुठून?

आता म्युनिकला. शहराच्या उत्तरेला ओबरवीझेनफेल्ड नावाचं मैदान होतं. १९७२ चं ऑलिम्पिक तिथेच झालं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या मैदानाच्या कडेला दोन कारखाने होते. एक गुस्ताव ओटोचा, विमानांचा. आज पेट्रोलच्या मोटारींत सर्रास असलेलं चार फेऱ्यांचं (फोर-स्ट्रोक) इंजिन प्रत्यक्षात आणणारे निकोलाउस ओटो, त्यांचा हा मुलगा. दुसरा कार्ल राप याचा, १९१३ मध्ये निघालेला, विमानाच्या इंजिनांचा.

रापची इंजिनं थरथरायची, लष्कराला पसंत पडत नव्हती. १९१७ मध्ये डाइमलरमधून आलेल्या माक्स फ्रिट्स या अभियंत्याने तिथे नवं इंजिन आखलं. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी पडतो आणि त्याची ताकद ढासळते. फ्रिट्सने इंजिन मुद्दाम मोठ्या दाबाचं केलं. जमिनीजवळ ते पूर्ण मोकळं सोडायचं नाही, उंची गाठल्यावर सोडायचं, म्हणजे इतरांचा दम लागतो तिथे याचा राखलेला दम कामी येतो. प्रशियाच्या लष्कराने एकदम ६०० इंजिनांची मागणी नोंदवली. राप बाहेर पडला आणि जुलै १९१७ मध्ये कंपनीचं नाव झालं बायरिशे मोटोरेन वेर्के, म्हणजे बव्हेरियाचा, म्युनिक ज्या प्रांतात आहे त्याचा, इंजिन कारखाना. आद्याक्षरं बी, एम, डब्ल्यू.

वर्षभरात युद्ध संपलं. जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहाने विमानाची इंजिनं बनवायला बंदी आली. ज्या एका गोष्टीत हातखंडा, तीच करायची नाही. मग या कंपनीने रेल्वेचे ब्रेक केले, लहान इंजिनं केली, आणि १९२३ मध्ये आर ३२ ही मोटारसायकल आणली. तीही फ्रिट्सनेच आखलेली. मोटारसायकलींनी कंपनी तगली, पण हिवाळ्यात बर्फ पडला की दुचाकी कोण घेणार? चारचाकी हवी होती. व्यवस्थापक फ्रान्त्स योझेफ पॉप यांनी हिशेब केला आणि १९२८ च्या शरद ऋतूत आयझेनाखचा कारखाना डिक्सीच्या परवान्यासकट विकत घेतला. खुंट आणि त्यावर नुकतीच धरलेली काडी, दोन्ही आयतं मिळालं.

१९२९ च्या उन्हाळ्यात सुधारलेली गाडी बीएमडब्ल्यू ३/१५ या नावाने आली. निळी-पांढरी चकती मोटारीवर चढली ती अशी.

पण कंपनी तर स्थापना १९१६ ची सांगते?

हो, आणि नाव १९१७ चं, कारखाना १९१३ चा. इथे सगळ्यांचाच गोंधळ उडतो. समजा बाजारपेठेत दोन दुकानं शेजारी शेजारी आहेत. पहिल्याचा मालक दुकानाची इमारत आणि बहुतेक धंदा दुसऱ्याच कुणाला देतो. पण एकजण त्याच्याकडून फक्त पाटी, कारागीर आणि खास माल विकत घेतो आणि शेजारच्या दुकानात घेऊन जातो. आता तिथे पहिल्याची पाटी लागते. दुकान जुनं कुठलं मानायचं?

म्युनिकमध्ये तसंच घडलं. १९२० मध्ये मूळ बीएमडब्ल्यू क्नोर-ब्रेम्झे या रेल्वे-ब्रेकवाल्या कंपनीच्या ताब्यात गेली. १९२२ मध्ये कामिलो कास्तिलिओनी या गुंतवणूकदाराने तिच्याकडून इंजिनांचा विभाग आणि नाव विकत घेतलं, आणि ते शेजारच्या विमान कारखान्याला जोडलं. तो कारखाना ओटोच्या उद्योगातून ७ मार्च १९१६ रोजी उभा राहिलेला. पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची. कायद्याने कंपनी म्हणजे इमारतवाली, म्हणून तारीख १९१६ ची. आणि मोटारींची मुळं पाहिली तर १८९६ च्या आयझेनाखपर्यंत जातात. मला विचाराल तर मोटारींपुरता तोच खरा जन्म.

आणि तो विमानाचा पंखा?

निळा आणि पांढरा हे बव्हेरियाचे रंग. १९१७ मध्ये चिन्ह नोंदवलं तेव्हा राज्याची चिन्हं व्यापारी मुद्रेत तशीच वापरायला मनाई होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा ठेवला. बाहेरचा काळा गोल रापच्या जुन्या चिन्हातून आला, त्यात आधी घोड्याचं मुंडकं होतं. १९२९ मध्ये एका जाहिरातीत फिरत्या पंख्यावर ही चकती दाखवली आणि तिथून ही कथा पसरली. चूक सांगणाऱ्यांची नाही. जाहिरात कंपनीचीच होती.

शेवटी ही नक्कलच ना?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. १९२७ ची डिक्सी ही खरोखर इंग्लिश गाडी होती, थोडे फेरफार केलेली. पण नक्कल आणि परवाना यांत फरक आहे. नक्कल करणारा परवानगी घेत नाही. म्हणून त्याला गाडीचा सांगाडा दिसतो, त्यामागची कारणं कळत नाहीत. परवाना घेणारा पैसे देतो आणि कारणं विचारतो.

पुढची चार वर्षं पाहा. १९२९ ला बर्लिनहून येणारी पोलादी बॉडी आणि नवे ब्रेक. त्याच वर्षी आल्प्सच्या घाटांतल्या स्पर्धेत या छोट्या गाड्यांच्या चमूने सांघिक बक्षीस पटकावलं. १९३० ला १८ अश्वशक्तीची स्पोर्ट्स आवृत्ती, आणि तिला पुन्हा तेच जुनं नाव: वार्टबुर्ग. १९३१ ला पुढची दोन चाकं एकमेकांपासून मोकळी केली, म्हणजे एक खड्ड्यात गेलं तरी दुसरं हलणार नाही. १९३२ मध्ये ऑस्टिनचा करार संपला आणि बीएमडब्ल्यूने ३/२० ही स्वतःची गाडी आणली. १९३३ ला ३०३ आली: सहा सिलिंडर, आणि समोर मूत्रपिंडाच्या आकाराच्या त्या दोन जाळ्या, ज्या आजही दिसतात. उसन्या गाडीपासून स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत सहा वर्षं लागली.

ऑस्टिनच्या काडीची इतर कलमंही कमी नाहीत. फ्रान्समध्ये रोझांगार नावाने ती बनली. अमेरिकेत तिच्यासाठी काढलेली कंपनी बुडाली, पण तिची वारस बँटम कंपनी हीच, जिने १९४० मध्ये अमेरिकी लष्करासाठी जीपचा पहिला नमुना केला. जीप काही ऑस्टिन नव्हे, पण कारखाना तोच. जीप पुढे विलीस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावाने मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली.

आणि आपल्याकडचं जर्मन कलम तर बोलीभाषेतच रुजलं. १९५८ मध्ये फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या फिडाल उंट झोन कंपनीशी करार करून तिच्या 'टेम्पो' या तीनचाकी गाड्या बनवायला घेतल्या, आधी मुंबईत गोरेगावला, मग आकुर्डीला. टेम्पो हे तिथलं विशेषनाम होतं. आज घर बदलताना आपण 'टेम्पो बोलावला का?' असं विचारतो तेव्हा गाडी कुठल्याही कंपनीची असते. परवान्यावर आलेली वस्तू आपली झाली का, याला यापेक्षा मोठा पुरावा मी शोधणार नाही.

१९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने इंग्लंडचा रोव्हर समूह विकत घेतला. त्यात ऑस्टिन हे नावही होतं. रोव्हर पुढे त्यांनी विकून टाकली, पण मिनी ही छोटी गाडी ठेवली.

आयझेनाखचं काय झालं?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि आयझेनाख सोव्हिएत ताब्यात गेलं. म्युनिकचा कारखाना उद्ध्वस्त, तिथे भांडीकुंडी बनत होती. आणि बीएमडब्ल्यू नावाच्या मोटारी आयझेनाखमध्ये बनत होत्या, म्युनिकच्या संमतीशिवाय. वाद न्यायालयात गेला. १९५२ मध्ये आयझेनाखने नाव बदलून ईएमडब्ल्यू केलं, 'ई' आयझेनाखचा. चकती तशीच ठेवली, फक्त निळ्याच्या जागी थुरिंजियाचा तांबडा रंग भरला. चित्रात पाहिली तर क्षणभर डोळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

नंतर तिथे दोन फेऱ्यांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनाच्या, निळसर धूर सोडणाऱ्या गाड्या बनू लागल्या. त्यांना नाव दिलं वार्टबुर्ग. हेच नाव तिसऱ्यांदा. कामगारांना नवं चांगलं इंजिन हवं होतं, पण पूर्व जर्मनीच्या नियोजनात त्याला पैसा मिळेना. अखेर १९८८ मध्ये चार फेऱ्यांचं इंजिन बसलं. तेही परवान्यावर घेतलेलं होतं, फोक्सवागनचं. १९९१ च्या एप्रिलमध्ये शेवटची वार्टबुर्ग कारखान्यातून बाहेर पडली.